जुने प्लाझ्मा कटर : इसार देण्यापूर्वी काय पाहावे

ट्रॅक्टरचा प्रसार झाल्यापासून गावातील अवजारांचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी नांगराचा फाळ किंवा कुळवाची पास बोथट झाली म्हणजे गावचा लोहार ती भट्टीत तापवून, ठोकून व पाणी पाजून दिवस मावळण्याच्या आत परत देत असे. आज रोटाव्हेटरची बाजूची पट्टी, पलटी नांगराचा सांगाडा, ट्रॉलीचे चॅनेल किंवा पेरणी यंत्राची चौकट मोडली तर सहा ते बारा मिलीमीटर जाडीचे लोखंड अचूक आकारात कापावे लागते, व ते काम भात्यावर होत नाही. मृगाच्या तोंडावर याकरिता तालुक्याला हेलपाटा घालावा लागला म्हणजे वाफशाचे दोन दिवस हातचे जातात.

या अडचणीमुळे अवजारे बँक चालविणारे शेतकरी गट व गावातील होतकरू कारागीर प्लाझ्मा कटरची चौकशी करू लागले आहेत. नव्या यंत्राची किंमत ऐकून मन कचरते व साहजिकच जुन्या यंत्राकडे लक्ष जाते. जुने यंत्र घेण्यात वावगे काहीच नाही. परंतु बैलबाजारात दात पाहून, चालवून व जमल्यास औताला जुंपून पाहिल्याखेरीज कोणी इसार देत नाही. तीच माणसे यंत्राच्या बाबतीत मात्र विक्रेत्याच्या शब्दावर व रंगावर विसंबतात. ही पारख कशी करावी, हे या लेखात सांगावयाचे आहे.

यंत्र कापते कसे

वायू अतिशय तापला म्हणजे त्याचे अणू विद्युतभारित होतात व त्यातून वीज वाहू लागते. या अवस्थेस प्लाझ्मा म्हणतात. आकाशात वीज चमकते तेव्हा हवेची काही क्षण हीच अवस्था झालेली असते. प्लाझ्मा कटरमध्ये दाबाखालील हवा तांब्याच्या नोझलच्या बारीक छिद्रातून जाते, त्याच छिद्रातून विजेची ठिणगी कोंडून बाहेर काढली जाते, आणि जो झोत निघतो त्याचे तापमान पंधरा-वीस हजार अंश सेल्सिअसच्या घरात असते. लोखंड १,५३८ अंशांवर वितळते. म्हणजे धातू वितळणार यात शंकाच नाही. वितळलेला रस हवेच्या जोराने खाली उडून जातो व काप पडतो. ठिणगी अशी कोंडण्याच्या युक्तीचे पेटंट अमेरिकेत रॉबर्ट गेज यांना १९५७ साली मिळाले. आरंभी यासाठी आर्गॉन, नायट्रोजन असे वायू लागत. साध्या हवेवर चालणारी यंत्रे नंतर आली, व त्यामुळेच हे यंत्र छोट्या वर्कशॉपच्या आवाक्यात आले.

गॅस कटिंगचे तत्त्व याहून निराळे आहे. तेथे तापलेले लोखंड ऑक्सिजनमध्ये अक्षरशः जळते. म्हणून गॅसने साधे लोखंड उत्तम कापते, जाड असेल तर अधिकच किफायतशीर पडते, परंतु स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियम त्याने कापता येत नाही. प्लाझ्माने वीजवाहक असा कोणताही धातू कापतो, पातळ पत्रा कमी वाकतो व सिलिंडर भरून आणण्याची दगदग उरत नाही. मात्र सिलिंडरऐवजी चांगली हवा व चांगली वीज लागते, आणि गावात नेमकी या दोहोंचीच वानवा असते.

यावरून पहिला प्रश्न उद्भवतो तो हा की, यंत्र हवेच कशाला? महिन्यातून चार-सहा पट्ट्या कापावयाच्या असतील तर अँगल ग्राइंडर व कापण्याच्या चकत्या पुरेशा आहेत. वीस मिलीमीटरहून जाड प्लेटचेच काम अधिक असेल तर गॅस बरा. दररोज सहा-दहा मिलीमीटरचे काप, गोलाई, भोके व आकार काढावयाचे असतील, तरच प्लाझ्मा कटर आपला खर्च भरून काढील. हे गणित आधी कागदावर मांडावे. मागील हंगामात बाहेरून कापून आणलेल्या कामांच्या पावत्या जमा केल्या तरी ते पुरते.

एका गटाचा अनुभव

मराठवाड्यातील एका गावात अकरा शेतकऱ्यांच्या गटाने काही वर्षांपूर्वी असे यंत्र घेतले. सोयाबीनच्या पैशांतून प्रत्येकाने वर्गणी दिली, व जो तरुण कारागीर ते चालविणार होता त्याने पत्नीच्या बचत गटातून कर्ज काढून आपले आठ हजार रुपये घातले. जहाजावरील जुने सामान विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून ३२ हजार रुपयांस यंत्र आले. चाकांवरचे, भारदस्त, दोघांना उचलता न येणारे. गटाने मला बोलावले. मी ठराव पाहिला, तीन दरपत्रके पाहिली, पावती पाहिली व सर्व यथास्थित आहे असे सांगितले. यंत्र ताडपत्रीखाली होते. ती मी बाजूस सारली नाही.

पिठाच्या गिरणीशेजारी थ्री फेज जोडणी होती, तेथे ते बसविले. चार दिवस त्याने सुरेख काम केले. पाचव्या दिवशी जळक्या वॉर्निशचा वास आला व यंत्र बंद पडले. पाठीमागची पट्टी रॉकेलच्या बोळ्याने पुसली तेव्हा अक्षरे दिसली : ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ.

बहुतेक मोठ्या जहाजांवर वीज ६० हर्ट्झची असते. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची आहे. ट्रान्सफॉर्मरचे लोखंड किती चुंबकीय भार सोसते हे व्होल्ट भागिले हर्ट्झ या प्रमाणावर ठरते. ४४० ला ६० ने भागले तर सुमारे ७.३ येतात; आपल्या ४१५ ला ५० ने भागले तर ८.३. म्हणजे व्होल्टेज कमी दिसत असूनही त्या ट्रान्सफॉर्मरवर तेरा टक्के जादा भार पडत होता. रात्री फीडरवरचा भार उतरून व्होल्टेज चढे तेव्हा तो आणखी वाढे. भरीस भर म्हणून त्याचा पंखाही ६० हर्ट्झचा असल्याने मंद फिरत होता. अशा स्थितीत वेटोळे जळाले नसते तरच नवल. वेटोळे पुन्हा भरून घेण्यात दिवाळी उजाडली, खरीप गेला, आणि यंत्र पोत्याखाली पडून असताना तो तरुण बचत गटाचे हप्ते दरमहा भरीत राहिला. पट्टी वाचावयास दोन मिनिटे लागली असती, आणि ती वाचण्याइतके शिक्षण त्या सर्वांत माझेच झाले होते.

पट्टी कशी वाचावी

तेव्हा सर्वप्रथम यंत्राच्या पाठीमागील किंवा बुडावरील माहितीपट्टी शोधावी. पट्टी काढून टाकलेली किंवा खरवडलेली असेल तर सौदा तेथेच सोडावा. माझे मत या बाबतीत ठाम आहे. पट्टीवर चार गोष्टी पाहावयाच्या.

पहिली, वीजपुरवठा. सिंगल फेज २३० व्होल्ट किंवा थ्री फेज ४१५ व्होल्टच्या आसपासचा आकडा, व ५० हर्ट्झ किंवा ५०/६० हर्ट्झ असे स्पष्ट लिहिलेले असावे. जपानमध्ये २०० व्होल्टचा पुरवठा प्रचलित आहे. तेथून आलेले केवळ २०० व्होल्टचे यंत्र आपल्या तारेवर थेट लावणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ होय.

दुसरी, प्रवाह, म्हणजे अँपिअर. शेतीअवजारांच्या सर्वसाधारण कामाला ४० अँपिअरचे यंत्र पुरे. ते साधे लोखंड दहा मिलीमीटरपर्यंत स्वच्छ कापते, बारापर्यंत सावकाश कापते. त्यापुढील जाडी ते कसेबसे तोडते, पण कड खडबडीत येते व घासण्यात वेळ जातो. विक्रेता नेहमी हा शेवटचा आकडा सांगतो. आपण स्वच्छ कापाची जाडी विचारावी.

तिसरी, कार्यप्रमाण. पट्टीवर ४० अँपिअर, ६० टक्के असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ दर दहा मिनिटांत सहा मिनिटे कापावे व चार मिनिटे यंत्रास विश्रांती द्यावी असा आहे. ३५ टक्के असेल तर साडेतीनच मिनिटे. हे प्रमाण बहुधा ४० अंश तापमान धरून दिलेले असते. विदर्भ-मराठवाड्यात वैशाखात पत्र्याच्या शेडमधील उष्णता याहून अधिक असते. तेव्हा उन्हाळ्यात विश्रांती वाढवावी लागते. यंत्र वारंवार आपोआप बंद पडते, ते बहुधा बिघडलेले नसून तापलेले असते.

चौथी, टॉर्चचा नमुना. याविषयी पुढे सांगितलेच आहे.

हवा व वीज

पुष्कळांची अशी समजूत असते की, पंक्चरच्या दुकानातील कंप्रेसर या कामी चालेल. ४० अँपिअरच्या यंत्रास साधारणपणे पाच बार दाबाने मिनिटाला सुमारे दीडशे लिटर हवा अखंड लागते. टायरमध्ये हवा भरणाऱ्या एक अश्वशक्तीच्या लहान कंप्रेसरची टाकी भरलेली असेपर्यंत काप उत्तम पडतो. मग दाब उतरतो, झोत फाकतो व नोझल जळते. कारागीर दोष यंत्राला देतो. निदान दोन अश्वशक्तीचा कंप्रेसर असावा, तीनचा असल्यास बरे. कंप्रेसरवरील आकडा पाहताना एक खुबी ध्यानी ठेवावी. दट्ट्या किती हवा ओढतो तो आकडा मोठा असतो व जाहिरातीत तोच असतो. प्रत्यक्ष बाहेर किती हवा मिळते तो आकडा लहान असतो, व आपल्या उपयोगाचा तोच. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर, या हिशेबाने पाच ते सहा घनफूट हवा दर मिनिटाला प्रत्यक्ष मिळावयास पाहिजे.

हवा कोरडी हवी हे त्याहून महत्त्वाचे. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत दिवसाकाठी भांडेभर पाणी साचते. ते वाफ होऊन टॉर्चमध्ये गेले म्हणजे इलेक्ट्रोड व नोझल यांचे आयुष्य झपाट्याने घटते. टाकीखालची तोटी दररोज सकाळी उघडावी, आणि यंत्राच्या आधी पाणी व तेल अडविणारी गाळणी बसवावी. जुन्या यंत्राबरोबर ही गाळणी आली असेल तर तिचा काचेचा किंवा प्लॅस्टिकचा पेला पाहावा. तेथे पिवळसर तेलकट गाळ दिसला तर आधीच्या मालकाने काळजी घेतली नाही असे खुशाल समजावे.

विजेबाबत असे की, सिंगल फेजवरील ४० अँपिअरचे यंत्र पूर्ण भारावर असताना पंचवीस ते तीस अँपिअर प्रवाह ओढते. शिवाय कंप्रेसर निराळा. घरगुती जोडणीला हा भार झेपत नाही. संध्याकाळी १८० व्होल्टवर येणाऱ्या गावात असे यंत्र एक तर सुरूच होत नाही किंवा अर्ध्या कापात बंद पडते. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी जेथे ते बसवावयाचे तेथील व्होल्टेज सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर असे तीन वेळा, आठवडाभर मोजून वहीत लिहावे. मल्टिमीटर कोणत्याही वायरमनकडे असतो. तार निदान चार चौरस मिलीमीटरची तांब्याची असावी, व मीटरपासून अंतर लांब असल्यास सहाची. जनित्रावर चालवावयाचे असल्यास आठ ते दहा केव्हीएचे लागेल. डिझेलचा हिशेब करून मगच तो विचार करावा.

येथे एक इशारा देणे कर्तव्य आहे. शेतात थ्री फेज आहे म्हणून कृषिपंपाच्या जोडणीवर कटर चालविण्याचा मोह होतो. ती जोडणी पंपासाठी मंजूर असते. तिचा अन्य कामासाठी वापर हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ अन्वये अनधिकृत वापर ठरतो. त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते, आणि वापर केव्हापासून सुरू होता हे ठरविता आले नाही तर तपासणीपूर्वीचे बारा महिने धरले जातात. वर्षाची कमाई त्यात जाऊ शकते. सौर पंपाच्या पॅनेलवर हे यंत्र चालेल का, असेही विचारले जाते. त्याचा नियंत्रक पंपासाठीच बनविलेला असतो, त्यामुळे चालणार नाही.

टॉर्च, नोझल आणि इलेक्ट्रोड

जुन्या यंत्रात सर्वांत झिजलेला भाग म्हणजे टॉर्च, आणि सर्वांत कमी पाहिला जाणारा भागही तोच. टॉर्चची नळी हाताने सबंध लांबीभर चाचपावी. कोठे कडक, भेगाळलेली किंवा चिकटपट्टी गुंडाळलेली आढळली तर नवी टॉर्च घ्यावी लागेल असे धरून चालावे. पुढची टोपी फिरवून काढावी. आत तांब्याचा इलेक्ट्रोड असतो व त्याच्या टोकात हाफ्नियम या धातूचा ठिपका बसविलेला असतो. ठिणगी तेथून निघते व ठिपका हळूहळू खोल जातो. एक-दीड मिलीमीटर खळगा पडला म्हणजे इलेक्ट्रोड संपला. नोझलचे छिद्र वाटोळे हवे. लंबगोल झाले असेल तर काप तिरपा पडतो. हे दोन्ही भाग वापराने जाणारच, त्यात दोष नाही. मात्र टॉर्चचे डोके स्वतःच काळवंडले किंवा त्याचा आटा जळाला असेल तर तो दोष मोठा आहे.

यानंतर विक्रेत्याला विचारू नये. सरळ तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या वेल्डिंग सामानाच्या दुकानात जाऊन या टॉर्चचे नोझल व इलेक्ट्रोड मिळतात का, केवढ्याला मिळतात व आज कपाटात आहेत का, हे पाहावे. पीटी-३१, एजी-६०, पी-८० अशा काही नमुन्यांचे सुटे भाग अनेक कारखाने बनवितात व ते सर्वत्र मिळतात. एखाद्या नामांकित परदेशी कंपनीचे यंत्र कितीही उत्तम असले तरी त्याचे नोझल मुंबईहून मागवावे लागत असेल, तर ऐन हंगामात ते शोभेची वस्तू ठरते. सामान्य यंत्र, पण ज्याचे नोझल तालुक्यात मिळते, ते गावासाठी अधिक चांगले असे माझे मत आहे. अनेक कारागीर मित्र यावर हसतात, परंतु त्यांची दुकाने शहरात आहेत.

वजनाने हलकी ती इन्व्हर्टर यंत्रे व जड ती ट्रान्सफॉर्मरची. जड यंत्र जळाले तर मोटार भरणारा कारागीरही ते उभे करू शकतो. हलक्यातील छापील पट्टी गेली तर जाणकार गाठावा लागतो. तथापि हलके यंत्र वीज कमी ओढते व उचलून बांधावर नेता येते. विक्रेत्याच्या परवानगीने त्याचे झाकण उघडून पाहावे. ग्राइंडरची लोखंडी धूळ आत बसलेली असेल तर ती वीज वाहते व पट्टी जाळते. डोके फुगलेले कपॅसिटर, काळे डाग, उंदराने कुरतडलेल्या तारा व पालीचे अवशेष डोळ्यांना दिसतातच. यंत्र नुकतेच बंद केलेले असेल तर आत हात घालू नये. कपॅसिटरमध्ये वीज काही काळ साठून राहते.

वीस मिनिटांची कसोटी

सहा व दहा मिलीमीटर जाडीच्या, हातभर लांबीच्या दोन-तीन पट्ट्या आपल्या घरून न्याव्यात. विक्रेता दाखवितो तो पत्रा बहुधा तीन मिलीमीटरचा असतो, आणि त्यावर कोणतेही यंत्र छान दिसते. नवे नोझल व नवा इलेक्ट्रोडही आपल्याच खिशातून बसवावा, म्हणजे सबब उरत नाही.

प्रथम सहा मिलीमीटरची पट्टी कापावी. ठिणग्या पट्टीच्या खालून, किंचित मागे झुकून पडल्या पाहिजेत. त्या वर उसळू लागल्या तर हात फार जलद आहे किंवा यंत्रात जोर नाही. हात मंद करूनही उसळल्या तर दुसरे कारण खरे. ज्योतीत हिरवट छटा दिसली तर तांबे जळत आहे. कापाच्या खालच्या कडेला चिकटलेला मळ हातोडीच्या टोल्याने झडला पाहिजे. मग दहा मिलीमीटरची पट्टी घ्यावी आणि कार्यप्रमाणानुसार थांबत थांबत एकंदर वीस मिनिटे काम करावे. दोष थंड यंत्रात लपतात. पंखा सतत फिरतो का, बटण दाबताच ठिणगी दर वेळी येते का की तीन वेळा दाबावे लागते, बटण सोडल्यावर टॉर्च थंड करण्यासाठी हवा काही क्षण चालू राहते का, आणि जळका वास येतो का, याकडे लक्ष द्यावे. घाई करणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजावा, पण वीस मिनिटे पुरी करावीत.

आणखी एक गोष्ट जरूर तपासावी. टोपी काढून ठेवली असता बटण दाबूनही यंत्र सुरू होता कामा नये, अशी सोय बहुतेक टॉर्चमध्ये असते. जुन्या यंत्रात ती तार जोडून कायमची निकामी केलेली पुष्कळदा आढळते. वेल्डिंगच्या यंत्राचे मोकळे व्होल्टेज सत्तर-ऐंशी असते. प्लाझ्माचे अडीचशे-तीनशेच्या घरात असते व ते प्राणघातक आहे. ही सोय तोडलेली असेल तर दुरुस्त करून घ्यावी किंवा ते यंत्र घेऊ नये. ती तपासताना टॉर्चचे टोक हातात किंवा अंगाजवळ धरू नये. टॉर्च जमिनीवरील कोरड्या लाकडावर ठेवून दुरून बटण दाबावे, व पायात कोरडे बूट असावेत.

हिशेब

विक्रेत्याने २४ हजार रुपये सांगितले असे धरू. टॉर्च नवी घ्यावी लागली तर ६ हजार, नोझल व इलेक्ट्रोड यांचा पहिला साठा २ हजार, हवेची गाळणी व दाबमापक २ हजार, तार व एमसीबी साडेतीन हजार, वाहतूक १ हजार. एकूण साडेअडतीस हजार झाले. कंप्रेसर नसेल तर जुना घेऊनही आणखी १८ हजार, म्हणजे साडेछप्पन्न हजार. हे आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. आपापल्या बाजारातील भाव त्यांच्या जागी घालावेत. तात्पर्य एवढेच की, खिशात ४० हजार असतील तर यंत्रासाठी २० हजारांहून अधिक मोजू नयेत, व ज्याच्या सर्व बाजू मिळून होणारी बेरीज हमीसह मिळणाऱ्या नव्या यंत्राच्या जवळ जाते असे जुने यंत्र घेऊ नये. हा शेवटचा पडताळा प्रत्येक वेळी घ्यावा, कारण लहान इन्व्हर्टर यंत्रे आता पूर्वीइतकी महाग राहिलेली नाहीत.

कारागिरास पैशाची अडचण असेल तर १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची माहिती कार्यकर्त्यांनी त्याला द्यावी. लोहार व्यवसायाचा तीत समावेश आहे. साधनसंचासाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य, आणि तारणाविना पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळण्याची तीत तरतूद आहे. सावकाराचे किंवा उधारीचे यंत्र घेण्यापूर्वी हा मार्ग पाहावा.

वापरताना

कापलेली कड वेल्डिंगपूर्वी घासून घ्यावी. हवेच्या झोताने कडेत नायट्रोजन मुरतो व तशीच जोडणी केल्यास जोडात बारीक छिद्रे पडतात. गाडीच्या कमानपाट्यापासून पास किंवा पाते काढणारे कारागीर आहेत. त्या पोलादाची कापलेली कड फार कठीण व ठिसूळ होते, तीवर ड्रिल चालत नाही व मार लागताच तडा जातो. तेथे भोक आधी ड्रिलने पाडावे, मग आकार कापावा, व कड एक मिलीमीटरभर घासून काढावी.

डिझेलचे, तेलाचे किंवा कीटकनाशकाचे रिकामे पिंप कधीही कापू नये. गुरांच्या पाण्यासाठी हौद करण्याकरिता अशी पिंपे घेऊन लोक येतात. रिकाम्या पिंपातील वाफ भरलेल्या पिंपापेक्षा अधिक भयंकर स्फोट करते, आणि कीटकनाशकाच्या पिंपातून तर गुरांनी पाणी पिऊच नये. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा कापताना निघणारा पांढरा धूर छातीत गेल्यास रात्री थंडीताप भरतो. तो वाऱ्याच्या बाजूस उभे राहून उघड्यावर कापावा. ठिणग्या दहा-अकरा मीटरपर्यंत उडतात, म्हणून कडब्याच्या गंजीजवळ काम नको. ४० अँपिअरला ५ ते ८ क्रमांकाची काच डोळ्यांवर असावी; उन्हाचा चष्मा चालत नाही, व शेजारी उभे राहून पाहणाऱ्या मुलांनाही हे लागू आहे.

पावती

सौदा ठरल्यावर पावतीवर यंत्राचे नाव, अनुक्रमांक, पट्टीवरील व्होल्ट, हर्ट्झ व अँपिअर, आणि आपल्यासमोर वीस मिनिटे चालवून दाखविले हे लिहून घ्यावे. पंधरा दिवसांची परत घेण्याची अट मान्य करणारा विक्रेता मिळाला तर पाचशे-हजार रुपये अधिक गेले तरी चालतील. कारखान्याच्या लिलावात ही अट मिळत नाही व कित्येकदा यंत्र चालवूनही पाहता येत नाही. तेथे यंत्राची किंमत भंगाराच्या भावाने धरून त्यापुढे बोली चढवू नये. मराठवाड्यातील त्या गटाने वेटोळे भरल्यावर ते जड यंत्र विकले. विकताना ६० हर्ट्झ हा मजकूर त्यांनी स्वतः होऊन पावतीवर लिहिला, त्यामुळे भाव १३ हजारच आला. नंतर त्यांनी सिंगल फेजचे ४० अँपिअरचे जुने इन्व्हर्टर यंत्र घेतले. त्या खेपेस आठवडाभराच्या व्होल्टेजची वही व दहा मिलीमीटरच्या तीन पट्ट्या घेऊन तो तरुण कारागीर स्वतः गेला होता, आणि पहिली दोन यंत्रे पाहून तो रिकाम्या हाताने परत आला होता.